झाकणाआडचा डाग

वेलिन रोदोपीच्या डोंगरातून परतलाच नाही. सापडला तो फक्त त्याचा कॅमेरा. शेवटच्या रात्री घेतलेल्या ताऱ्यांच्या चित्रीकरणात तो कुठे दिसतो का, म्हणून त्याची बायको झोर्नित्सा महिनाभर त्यातले, अंधारात कॅमेऱ्यामुळे उमटणारे रंगीत दाणे संगणकावर पुसत होती. दरवेळी माणसाएवढा एक डाग तेवढा उरे.

"अगं वेडे, तो कॅमेऱ्याचाच दोष," वेधशाळेतला कालिन म्हणाला. "झाकण लावून काळ्या चौकटी घे, म्हणजे नुसत्या अंधाराचे फोटो. त्यात उतरेल तो कॅमेऱ्याचा दोष, तेवढा चित्रीकरणातून वजा करू. नवऱ्याला दाण्यांत शोधतेस होय?"

भर दुपारी तिने झाकण लावून दहा चौकटी घेतल्या. पहिलीतच डाग होता.

"म्हटलं नव्हतं?" कालिनने वजाबाकीची कळ दाबली.

झोर्नित्सा पुढच्या चौकटी पाहत होती. डाग जवळ येत होता. दहावीत वेलिनने दोन्ही तळवे काचेला टेकले होते.

"थांब, कालिन!"

पडद्यावर नुसते तारे उरले होते.

तिने झाकण काढले. भिंगाला आतून श्वासाची वाफ धरली होती, आणि ती विरत चालली होती.