सुनेच्या नावावर

ठमाबाईंना कामाचा कंटाळा आलाय, असं त्यांची सून रेश्मा शेजारणींना सांगायची. सासू दिवसभर पेंगते, म्हणून सातवा महिना असूनही थायरॉईडच्या गोळ्यांसाठी रेश्माच चरफडत नाते गावाहून महाडला आली. मेडिकलवाल्याने एकच बाटली दिली. "दोन द्या. आम्ही दोघी घेतो." "तीन महिने माल कमी येतोय, वहिनी. एका घराला एकच. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, सुनेच्या नावावर लिहा." रेश्माने मनात तीन महिने मोजले. तिची गोळी एकदाही चुकली नव्हती. रोज सकाळी सासूच हातात ठेवायची. रिक्षा घरासमोर थांबवून ती आत धावली. "आई, तुमच्या गोळ्या कधीपासून बंद?" "बाळाला लागतात गो त्या. माजं काय अडतंय!" ठमाबाई हसल्या, पण त्यांना उठवेना. "डॉक्टरकडे चला." पोट सांभाळत खाली बसून रेश्मा त्यांच्या सुजलेल्या पायांत चपला चढवू लागली.