समतेचा पुरावा
कायद्याने शाळेत समता असावी लागते आणि तपासणीसाठी तिचा पुरावाही लागतो. म्हणून मोशीतल्या एका शाळेत वर्गशिक्षिका दीपमालाबाई वर्गाचे छायाचित्र काढत होत्या. पहिल्या बाकावर अल्फिया आणि विजयश्री नेहमीसारख्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. “यात मुसलमान मुलगी ओळखूच येत नाही,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. मग त्यांनी नाटकाच्या पेटीतली कुबट ओढणी अल्फियाच्या हाती दिली. “आई बांधते तशी बांध, बाळा.” “आई चाकणला कंपनीत टोपी घालते, मॅडम.” शेवटी मुख्याध्यापिकांनीच अल्फियाच्या डोक्याभोवती ओढणी गुंडाळली आणि मंडईत वांगे पारखावे तसा तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.  दीपमालाबाईंनी कॅमेरा उचलला. विजयश्री मैत्रिणीकडे बघत राहिली. “अल्फे, तू आमच्यातली नाहीस का गं?” विचारत ती बाकावर पलीकडे सरकली. “हां, आता दोघी वेगळ्या दिसतात,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.