जाळीतला कापूस

सन छप्पनच्या हिवाळ्यात सौंसरचे यशवंतराव आपल्या विधवा सुनेला, मनकर्णेला, नागपूरला तिच्या भावाकडे कायमचं पोचवायला निघाले. मुलगा जाऊन वर्ष झालं होतं, आणि तरण्या बाईला घरात ठेवू नये असा भाऊबंदांचा धोशा होता. सावनेरच्या वाटेवर मिलिटरीच्या लिलावातली त्यांची जुनी जीप तापून दुसऱ्यांदा बंद पडली. इंजन निवल्यावर त्यांनी फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी पुरेसं होतं, पंख्याचा पट्टाही ताठ होता. मनकर्णा समोरून वाकली. "मामाजी, जाळीत कापूस बसला. हवाच जाऊन नाही राहिली." रस्ताभर ते कापसाच्या बैलबंड्यांमागून आले होते. दोघं पुंजके उपसायला बसली, ती केसांतल्या आकड्याने, ते काडीने. "सौंसर राहिलं मध्यप्रदेशात अन् नागपूर गेलं मुंबई राज्यात," ते थकून म्हणाले. "तुले भेटाले आता दुसऱ्या राज्यात या लागन. करमन का तिकडं?" "भावाच्या घरी करमाचं काय, मामाजी. राहाचं असते." यशवंतराव पुन्हा काडीने जाळी उकरू लागले. जाळी साफ झाली. जीप लगेच सुरू झाली आणि तापमानाचा काटा खालीच राहिला. "हे इंजन काही नागपूरपर्यंत टिकत नाही," यशवंतराव म्हणाले. "घरी वापस जाऊ." मनकर्णेने काट्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हो, मामाजी. नाहीच टिकत." त्यांनी जीप वळवली. सौंसर येईपर्यंत ती मागे ठेवलेल्या आपल्या पेटीला टेकून गाढ झोपली होती.