दोन नावं

नर्सबाईंचा मेल वाचता वाचता हेरंबच्या हातातला चहा निवला. "तुमच्या नव्या आवृत्तीत लहान मुलांचा डोस दसपट येतोय. बाळ अवघं दीड किलोचं, म्हणून सिरिंज भरताना हात थांबला. हे तपासलं कोणी?"

त्याने डोसचा तो बदल उघडला. औषधाचा डोस काढणारं हे मोफत सॉफ्टवेअर अनेकजण मिळून लिहायचे आणि दोघांनी तपासून मंजुरी दिल्याशिवाय काही पुढे जात नसे. खाली दोन नावं होती. पहिलं त्याचं, दुसरं विभावरीताईंचं. त्याने तर नुसती नजर फिरवली होती; ताई बारकाईने बघतीलच म्हणून.

त्याने ताईंना फोन लावला. "ताई, तुम्ही नीट वाचलं होतं ना?"

"अरे, तुझं नाव वर होतं. तू बघितल्यावर मी कशाला बघू?"

हेरंबने फोन ठेवला. त्याने बदल मागे घेतला, सगळ्यांना इशारा पाठवला. मग ती आवृत्ती किती रुग्णालयांनी घेतलीय ते पाहिलं.

एकेचाळीस.

आणि हात थांबल्याचं एकीनेच कळवलं होतं.