बाईंच्या दारातला खड्डा

खड्डा पुन्हा त्याच जागी पडला होता. फाटकापासून सात पावलांवर, डाव्या अंगाला, ताटाएवढा.

कोंडाजी मुकादम उकिडवा बसला आणि त्याने आत बोट घालून पाहिलं. वर्षभरातली ही चौथी खेप. नाशिकमध्ये त्याने घातलेल्या डांबरावरून मालट्रक धावत होते आणि खडी जागची हलत नव्हती. इथे मात्र फाटकापासून पोर्चपर्यंतचा वीतभर रस्ता. त्यावरून लताबाईंची जुनी फियाट महिन्यातून एकदा त्यांचा भाचा फिरवून आणायचा. तेवढ्यानं खड्डा?

"बाई, कुठंतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला.

"मुरत असेल," लताबाई म्हणाल्या आणि गुलाबांच्या वाफ्याकडे वळल्या. मुलींच्या शाळेतून हेडबाई म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना बागेचं वेड लागलं होतं. तळहातावर फोड येईपर्यंत खणायच्या. त्यांची पहार कुंपणाला टेकलेली होती, टोकाशी काळी झालेली.

चूक खरं तर कोंडाजीच्या जिभेची होती. गेल्या वर्षी काम संपवताना त्याने छातीवर हात मारून सांगितलं होतं, "तीन पावसाळ्यांत खड्डा पडला तर एक कार्ड टाका. कोंडाजी फुकट येऊन भरंल." मुकादमाचा शब्द म्हणजे डांबरावर बसलेली खडी. त्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, या पोर्चला रंग द्यावा का, फाटक उजवीकडे घ्यावं का, तुमच्या बायकोला, बायडाला, दुपारची तासभर पाठवाल का, चार अक्षरं शिकेल. कोंडाजीने रंगाला हो म्हटलं, फाटकाला नको म्हटलं आणि तिसऱ्याला हसून म्हणाला, "खडी वाहणारीला पाटी कशाला बाई? रोज बुडतो."

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी कार्ड यायचं. वाडीतला दुकानदार काळूशेठ सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचायचा, "खड्डा पडला आहे. यावे." गिऱ्हाइकं हसायची. कोंडाजीच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मग तो बायडाबाईला घेऊन यायचा. काम एकट्याचं, पण जोडीनं जायची सवय. चौकोन कापायचा, खडे वेचायचे, तळ वाळू द्यायचा, डांबर ओतायचं, खडी पसरून धुमसाने चेचायची. दर खेपेला तो आणखी खोल खणायचा, त्यामुळे एका दिवसाचे तीन दिवस झाले होते. बायडाबाई तोवर आत बसून बाईंचे गहू निवडून द्यायची. इतके गहू एकट्या बाई खातात तरी कशा, हे कोंडाजीला कोडंच होतं. तो मजुरी घ्यायचा नाही. बाई ती बायडाच्या पदराला बांधायच्या. संध्याकाळी बायडाची बोटं पांढरी असायची. एकदा त्याने विचारलंही.

"रांगोळी घातली बाईंच्या दारात," ती म्हणाली.

या खेपेला तो धुमस मारत असताना खंडेराव आले. गल्लीतल्या बंगल्यांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. छत्री टेकून उभे राहिले.

"मुकादम, आमच्या पाच फाटकांचं काम तुम्हालाच द्यायचं मनात होतं. पण हा खड्डा बघून मंडळी कुरकुरतात."

"साहेब, काय झालं ते मलाच कळत नाय."

"हा पावसाळा बघू. टिकलं तर पाचही तुमची."

ते गेल्यावर कोंडाजीने धुमस खाली ठेवलं. "बायडे, औंदा पडला ना, तर म्या डांबराला हात लावणार नाय. गावाकडं जाऊन दुसऱ्याची ढोरं राखीन. बापाकडून आलेला हुन्नर हाय, त्याचं हसं झालं."

रात्री बायडाबाईने भाकरी मोडली नाही, नुसती फिरवत बसली. कोंडाजीला तिचा फार आधार वाटला.

पावसाळा त्या साली झोडपून गेला. गोदेला पूर येऊन गेला, वणीच्या वाटेवरची मोरी वाहून गेली. कोंडाजी रोज पोस्टमनची वाट बघायचा आणि तो येऊ नये म्हणून खंडोबाला भंडारा बोलायचा. आषाढ गेला, श्रावण गेला. कार्ड आलं नाही. घटस्थापनेच्या दिवशी त्याला राहवेना. बायडाबाईला घेऊन तो निघाला.

फाटक उघडून त्याने सात पावलं मोजली. रस्ता गुळगुळीत. त्याने नळाखालची बादली भरून त्या जागेवर ओतली. पाणी थांबलं नाही, सरळ गटारात गेलं.

"ऱ्हायलं!" तो ओरडला आणि भर रस्त्यात रडू लागला.

खंडेरावांनी समोरून सगळं पाहिलं. "दसऱ्यानंतर सामान आणा, मुकादम," ते म्हणाले, आणि घरात गेले.

लताबाई पायरीवर उभ्या होत्या. पहार कुठे दिसत नव्हती.

"बाई, तुमचं कार्ड आलं नाय, तवाच वळखलं मी!" कोंडाजी डोळे पुसत म्हणाला. "हरवलं त्या खड्ड्याला!"

"माझं आलं नाही," बाई म्हणाल्या. "पण मला एक आलं. ज्येष्ठातच." त्यांनी पोथीतून एक पोस्टकार्ड काढलं. वर मोठी, वाकडी, दाबून काढलेली अक्षरं होती.

"कुणाचं?" कोंडाजी म्हणाला. "वाचा की."

बाईंनी ते वाचलं नाही. त्यांनी ते बायडाबाईच्या हातात दिलं. तिने पदर सारखा केला, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि न अडखळता वाचलं:

"बाईंस नमस्कार. औंदा खड्डा पाडू नका, यांचा जीव जातो. मला आता लिहिता येतं. बायडा."