नागपूरला उभं असलेलं विमान

काल पुण्याला उतरवलेलं माझं विमान आज संगणकावर चक्क नागपूरला उभं होतं!

निवृत्तीनंतर विमान उडवायचा हा खेळ म्हणजे माझा रोजचा उद्योग. बोटं थरथरतात, म्हणून विमान आवाजावर चालवतो. 'चाकं वर' म्हटलं की चाकं वर. पण ते फक्त नोंदवलेल्या आवाजाचंच ऐकतं, आणि त्या यादीत माझ्या आवाजाखाली आता दुसराच कुणाचातरी आवाज बिननावाने नोंदला गेला होता.

घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. बायको विमानाला घाबरते, म्हणून तर लेकीकडे कॅनडाला जाणं चार वर्षं लांबलंय. म्हणजे हा उद्योग शेजारच्या गुर्जरांचाच! माझ्या माघारी येऊन बसत असणार. आज पकडायचंच.

चार वाजता "बँकेत जाऊन येतो" म्हणून बाहेर पडलो आणि पाच मिनिटांत पाय न वाजवता परत आलो. खोलीच्या दाराला कान लावला.

"चाकं खाली."

आवाज बायकोचा होता. मी दार ढकललं.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही लेकीला सांगता ना, आई विमानाला घाबरते म्हणून?" पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "म्हटलं, बघावं तरी, खरंच घाबरते का."

विमान अलगद टेकलं.

"नाही घाबरत. लेकीला दोन तिकिटं काढायला सांगितलंय मी. आता खरं कोण घाबरतं, ते तुम्हीच कळवा तिला."