गाय देणाऱ्याची शपथ

"म्हाताऱ्या, ती तुत्सी पोर कुठं लपवलीस?" कोयतेवाल्यांच्या म्होरक्यानं गोठ्याचं दार लाथेनं उघडलं.

"कायिगाम्बाची शपथ, इथं कुणी नाही!"

म्हातारा सेकामाना सवयीनं बोलून गेला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. रवांडाच्या त्या डोंगरावर ज्यानं गाय दिली त्याच्या नावानं शपथ घ्यायची, आणि त्या नावानं खोटं कधी बोलायचं नाही, अशी रीत होती. सेकामाना हुतू, त्या कोयतेवाल्यांच्याच जमातीचा, पण त्याला गाय दिली होती तुत्सी कायिगाम्बानं. त्याचीच लेक गायीमागच्या गवतात श्वास रोखून पडली होती.

म्होरक्या खदाखदा हसला. "अरे, त्याला तर काल आम्हीच कापलं!"

गवत हललं. सेकामाना मोठ्यानं म्हणाला, "गाय त्यानं दिली, बाबा. मग शपथ दुसऱ्या कुणाची घेऊ?"

म्होरक्याचं हसू विरलं. त्याचा बापही जन्मभर कायिगाम्बाचीच शपथ घेत आला होता. "चला रे," तो पुटपुटला, "खरं बोलतोय."

पावलं दूर गेली. सेकामानानं गायीच्या पाठीवर कपाळ टेकलं. "देवमाणसा, आज तुझ्या नावानं खोटं बोललो, तुझ्याच लेकीपायी. एवढी चूक पोटात घाल रे!"